अंगणवाडीचा काटा

हॅलो?…

बोल ना. काऊन थांबली? "आज किती भरली?" असंच विचारून राह्यली होती ना? पुरं कर…

नाई, दीपाली नाई. मी आहो, नूतन. फोन तुह्या पोरीचाच आहे, पण आजपासून माह्यापाशी राहीन…

हो, जय भीम. आता सांग बाई, वजन विचाराले तू रोज फोन करत होती का तिले?…

खोटं नको बोलू. फोनमधी सगळं दिसते. रोज साडेबाराले. आज त्या टायमाले मी फोन बंद ठेवला, म्हणून आता लावला तू. मी अंगणवाडीत पोरायले खिचडी वाढत राह्यते, बराबर त्याच टायमाले. मोठी बहीण होय तू माही, आजवर उलटून बोलली नाई मी तुले. आज बोलीन…

झोपली आहे ती. मी मागच्या वाडीत आली, सीताफळाच्या झाडाखाली. इथीच एक दांडी टावर भेटते. अन् तिच्यासमोर वजनाचं बोलाचंच नाई, असं ठरलं आहे माह्या घरात. तुह्या घरात काय ठरलं होतं?…

काय? जोरात बोल. आवाज काऊन दबून राह्यला तुहा?…

हो, मले मालूम आहे तू माय होय. मंग मायनं असं करावं काय? डॉक्टरीणबाईनं तुह्यासमोर सांगितलं होतं ना, चंद्रपूरच्या दवाखान्यात? वजन तिथीच पाह्याचं, महिन्यातून एकदा, काट्याकडं पाठ करून. आकडा पोरीले सांगाचा नाई, घरच्यायनं विचाराचा नाई. तू मुंडी हलवली होती. मी बाजूलेच उभी होती…

अन् मंग तू तिले काय सांगितलं? "मावशीच्या अंगणवाडीत काटा आहे, त्याच्यावर उभी राह्य." माह्या काट्यावर, बाई!…

बुधरीनं सांगितलं. अवं बुधरी, माही मदतनीस. चाबी तिच्यापाशी राह्यते. तिले वाटलं मीच धाडली असन. आज सकाळी मले म्हणे, "बाई, तुमची भाची काट्यावरून उतरली अन् भिताडाले टेकून रडली." हो, रडली. त्या काट्यावर मी गावातले लेकरं उभे करते. एखाद्याचं पावभर वाढलं का त्याची माय हासते, मी हासते. अन् ही पोट्टी रडली. काऊन? तर वाढलं म्हणून!…

मंग काय, मंग जेवण बंद. चार दिवस झाले. मले कळलंच नाई. ताट तर रिकामं करे. कोंबड्यायनं चुगली केली तवा समजलं…

कोंबड्या, कोंबड्या! माह्या कोंबड्या तिच्या खिडकीखालून हलून नाई राह्यल्या. पाह्यलं तर मोहाच्या लाडवाचा भुगा, भाकरीचे तुकडे, अन् उकडलेलं अंडं. कोंबड्याच अंडं खाऊन राह्यल्या, असे दिवस दाखवले तू मले…

हासू नको. मी हासाले नाई सांगून राह्यली…

"फक्त विचारलं"? अन् व्हिडिओवर काय म्हणली? सगळं सांगितलं तिनं मले आज. "गाल लय भरले वं, आता बस झालं, आवर थोडं." म्हणली का नाई?…

हो… हो… अवं ऐक ना… ऐक… ती सूज आहे! सूज! वर्षभर उपाशी राह्यलेलं आंग होय ते. पाणी धरून ठेवते. गाल सुजते, पाय सुजते, दोन घास खाल्ले का पोट मटक्यावाणी होते. डॉक्टरीणबाई काय म्हणली होती? तिच्या शरीरानं चूल मंद केली आहे. उद्या खायाले भेटन का नाई, भरवसा नाई त्याले. म्हणून जे येईन ते पहिले लपवून ठेवते. भरवसा आला का मंग सगळीकडं वाटते. सहा महिने लागन, साल लागन. अन् मधात जेवण तोडलं का पुन्हा पहिल्यापासून…

हो, पहिल्यापासून! चार दिवसात तू माहे दोन महिने पाण्यात घातले…

भाऊजी म्हणते इतकं काही झालं नव्हतं? भाऊजीले विचार, मे महिन्यात वरोऱ्यात कोणी सेटर घालते काय? तुह्याच घरात घालून बसे ती. बाहेर कुत्रे नालीत लोळून राह्यले, अन् ही सेटर घालून कूलरपासून दूर. तू म्हणे, "नाजूक आहे पोट्टी." केसायचे पुंजके कंगव्यात, पाळी बंद, नाडी अशी हळू का नर्सनं दोनदा मोजली. नाजूक म्हणे!…

अन् मांगच्या सोमवारी काय झालं मालूम आहे? तुही आकड्याची भानगड सुरू व्हाच्या आधी. दुपारी मले म्हणते, "मावशी, गरम होऊन राह्यलं, पंखा लाव." हो, पंखा! मी पंखा लावला अन् चुलीपाशी जाऊन रडली. खूश होऊन रडली, बाई. आंग गरम झालं होतं तिचं. आतमधी काहीतरी पेटलं होतं. ते तू विझवलं…

विझवलंच! दुसरं काय म्हणू?…

काय? कोण बसून खाते?… गाव धानाच्या रोवण्यात आहे अन् ही बसून खाते, असं कोण म्हणलं?… तू म्हणून राह्यली का लोक म्हणून राह्यले, ते पहिले सांग. अवं, तिलेही जावाचं होतं रोवण्याले. मीच नाई जाऊ देल्लं. तिले चिखलात वाकाची हौस नव्हती आली, तिले खाल्लेलं जिरवाचं होतं. तिचं काम एकच, खाणं अन् पडून राह्यणं. तीन-तीन घंट्यानं खाणं. माह्या फोनले गजर लावून ठेवला आहे, सकाळी सातपासून. हे काम रोवण्यापेक्षा भारी आहे तिले. एक एक घास कसा उचलते ते येऊन पाह्य…

येते? उद्या?… तिले न्यायले? काऊन?…

परवा पोर्णिमा आहे ते मले बी मालूम आहे. विहारात तीन महिन्याचा वर्षावास लागून राह्यला. तर?… मंडळाच्या बायायनं विचारलं?… नाव लिवलं? कोणाचं, दीपालीचं? अन् तू लिवू देल्लं?…

थांब, बाई. थांब. मले बसू दे जरा…

मांगच्या वर्षी हेच झालं ना? पोरीनं अष्टशील घेतलं, दुपारी बारानंतर जेवण नाई, तीन महिने. अन् आपण काय केलं? विहारात शाल देल्ली तिले, टाळ्या वाजवल्या. एवढी लहान पोट्टी, कसं कडक शील! तू पहिल्या लाइनीत पांढरी साडी घालून बसली होती. मी बी इथून गेली होती. मीच फोटो काढला, मीच स्टेटसले ठेवला. माही बी चूक आहे, मी कुठी नाई म्हणते? दुसऱ्याच्या लेकरायचे दंड मोजते मी पट्टी लावून, अन् आपल्या पोरीचा दंड त्या शालीखाली किती राह्यला, ते नाई दिसलं मले. लाज वाटते मले, बाई. तुले नाई वाटत?…

वर्षावास संपला, सगळ्या बाया जेवल्या. ही जेवली काय? पहिले बारानंतर नाई, मंग बाराच्या आधी बी नाई. कोणी विचारलं का, "माझं शील आहे." आपण हात जोडून चूप. लपाले लय चांगली जागा भेटली तिले, आपणच देल्ली…

ए, मी धम्माले नाव नाई ठेवत हं! काहीच्या काही नको बोलू. भंतेजीनंच सांगितलं होतं, बिमार माणसानं उपोसथाचा उपास नाई धराचा. अन् तू तर बायायले ग्रंथ वाचून दाखवते. सिद्धार्थानं बी उपाशी राहून पाह्यलं. पोटाले हात लावला तर पाठीचं हाड हाताले लागे. मंग काय केलं त्यायनं?… बोल ना, काय केलं?… सुजाताची खीर खाल्ली. खाल्ली ना? मंग बोधी भेटली. तू तेवढंच पान उलटवून टाकते काय?…

नाव काट तिचं. आज काट. लोक काय म्हणन ते म्हणू दे. शाल वापस देजो त्यायले…

नाई धाडत. सांगितलं ना, नाई धाडत. गाडीत बसूच नको. आली तर दारातून वापस पाठवीन, मोठी असशीन आपल्या घरची…

काय? पुन्हा बोल. कट कट होऊन राह्यलं… तिच्या वाटचं? काय तिच्या वाटचं?… शील कोण धरून राह्यलं?…

तू?…

कधीपासून?…

दवाखान्यात नेली त्या दिवसापासून? बाई, दोन महिने झाले! बारानंतर काहीच नाई? चहा?… पाणी फक्त?… म्हणजे ती खाईन म्हणून तू नाई खात. कोणाले कबूल केलं होतं असं?… मनातल्या मनात. वा.

अन् तुही शुगरची गोळी? संध्याकाळची?… घेते? उपाशीपोटी घेते?…

म्हणून आवाज असा. म्हणून मघापासून एक एक शब्द ओढून राह्यली तू. चक्कर येते काय?… हात थरथरते?… घाम?… घरी कोण आहे?… भाऊजी कवा येईन?…

मूर्ख आहे तू. हो, मूर्ख म्हटलं, मोठ्या बहिणीले म्हटलं. जिंदगीभर हेच केलं. सगळ्यायच्या मांगून जेवाचं, उभ्या उभ्या, भाताच्या गंजाच्या बुडाची खरवड खाऊन म्हणाचं, "मले भूकच नाई." ती पोट्टी कुठून शिकली, विचारत होती ना डॉक्टरीणबाईले? तिनं लहानपणापासून एक तरी दिवस पाह्यलं काय तुले ताट घेऊन बसून, पोटभर जेवताना? एक दिवस सांग…



रडू नको. बाई, रडू नको. रडून पोट नाई भरत कोणाचं…

मले भेव वाटून राह्यलं. म्हणून ओरडून राह्यली. तुह्यासाठी, कोणासाठी मंग? ऊठ. फोन ठेवू नको, कानाले लावून ठेव. भिताड धरून चाल. स्वयंपाकखोलीत गेली?… पहिले साखर टाक तोंडात. चिमूटभर नाई, दोन चमचे. पाणी पी… आता पाह्य काय आहे… वरण आहे सकाळचं. भात?… घे. वाटीत नाई, ताटात. खाली बस. उभ्यानं नाई, बस म्हटलं ना…

हा माह्या फोनचा गजर. चार वाजले. माह्या कमरेले आहे, बंद करते…

उठली का वं, दीपाली? वाटी घेऊनच आली?… तुही आई होय… नाई, तुह्यावर नाई कोणी चिडलं. मी तिच्यावर चिडली, ते आम्हा बहिणीबहिणीचं आहे. बस इथी, पायरीवर. लाडू पुरा खायाचा, कोंबड्या मी डालून ठेवल्या आज…

हॅलो, बाई? दीपाली आली. नाई, तिच्याशी बोलू नको आता. पहिले घास घे… घेतला का?… हॅलो?… बाई, आवाज नाई येऊन राह्यला… घेतला काय? हो म्हण, नाई म्हण… हॅलो? हॅलो?…

गेला टावर.

काऊन थांबली वं तू?… मले नाई मालूम, तुह्या आईनं खाल्लं का नाई. ताट वाढल्याचा आवाज आला, एवढंच ऐकू आलं… हो, ती बी. तुह्या वाटचं उपाशी राहून राह्यली होती, दोन महिन्यापासून… नाई, लपवत नाई. या घरात लपवालपवी लय झाली, तुही बी, तिची बी. म्हणून सांगून टाकलं…

काय?… तू लावते? घे, लाव. झाडाच्या त्या बाजूनं जा, तिथी एखाद दांडी जास्त आहे… लागला?… रिंग जाऊन राह्यली ना? मंग तूच विचार. "आई, जेवली का?" एवढंच विचार, दुसरं काही नाई…

उचलला?… थांब, थांब. तोंडातला घास गिळ पहिले, मंग बोल.