काकांचं कार्ड कुणी सरकवलं?

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आमचे व्यवस्थापक साहेब, सत्कारमूर्ती काका, काकू आणि जागा नाही म्हणून मागे उभ्या असलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला दोन मिनिटं दिली आहेत, मी चार घेईन. रागवायचं तर रागवा, मीही रागावूनच उभी आहे.

आत्ता तीन भाषणं झाली. काका शांत, काका प्रेमळ. अहो, काका आणि शांत? माझं वेल्डिंग कच्चं निघालं, तेव्हा अख्ख्या शेडला ऐकू जाईल असं झापलं होतं मला! मग स्वतःचा चहा माझ्यापुढे सरकवला, तो भाग वेगळा.

आपण व्हीलचेअर दुरुस्त करतो. अकरा वर्षांपूर्वी कुठली खुर्ची कुणाकडे आहे, याचा कुणाला पत्ता नसायचा. काकांनी भंगारातल्या पलंगाची फळी भिंतीवर ठोकली आणि तीन रकाने आखले: करायचं, चालू, झालं. दर खुर्चीचं एक कार्ड, त्यावर काम करणाऱ्याचं नाव. ‘चालू’मध्ये माणशी दोनच कार्डं. तिसरं लावलं की काका ओरडायचे, “हात किती आहेत गं तुला?” आम्ही त्यांना कार्डवाले काका म्हणायचो. बघा, अजून चिडतात.

आणि एक नियम होता. ज्याने काम केलं, त्यानेच कार्ड ‘झालं’मध्ये न्यायचं. इतर कुणी शिवायचंसुद्धा नाही.

मग ती पाहणी आली. बाहेरचे लोक येणार, फळी कशी टापटीप दिसली पाहिजे! काका ब्रेकचा पार्ट शोधायला गोदामात गेले होते. तेवढ्यात साहेब आले आणि ‘चालू’मधली सहा कार्डं उचलून सरळ ‘झालं’मध्ये लावली. त्यात एक काकांचं होतं, ब्रेक अजून न बसवलेल्या खुर्चीचं. खुर्च्या पोचवणाऱ्या गाडीवाल्याने फळी वाचली, खुर्च्या भरल्या, निघाला. त्याचा काय दोष? फळीवर ‘झालं’ म्हणजे झालं, असा अकरा वर्षांचा विश्वास होता. काका परत आले, खुर्ची जागेवर नाही. फोनवर फोन केले त्यांनी. तोवर एक आजी त्या खुर्चीसकट उतारावरून घसरल्या होत्या. त्यांचं मनगट मोडलं.

चौकशीत कार्ड टेबलावर ठेवलं. नाव काकांचं, रकाना ‘झालं’. खेळ खलास! दोन वर्षं बाकी असताना स्वेच्छानिवृत्ती. कसली डोंबलाची स्वेच्छा?

“मी सरकवलं नाही,” एवढंच काका म्हणाले. कुणी पाहिलं होतं का, असं विचारलं गेलं. शेडमध्ये त्या वेळी साहेबांशिवाय एकच माणूस होतं, खुर्च्यांच्या राशीमागे. मी. आणि नोकरी जाईल या भीतीने मी तोंडाला कुलूप लावलं. काकू, मला सगळ्यांत जास्त राग माझाच येतो. तुमच्याकडे बघायची हिंमत होत नाही.

साहेब, खाली का बघताय? तो पुष्पगुच्छ तुम्हीच देणार होतात ना?

जे पाहिलं ते आज सकाळी लिहून, खाली सही करून मी अध्यक्ष महोदयांच्या हातात दिलं आहे. आता जे व्हायचं ते होऊ दे.

आपण ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. काकांवर झालेला अन्याय मात्र पोटात घालू नका. येताना मी फळीवर एक नवं कार्ड लावलंय, ‘काकांचं नाव साफ करणे’. माझ्या नावाचं आहे, सध्या ‘चालू’मध्ये आहे.

साहेब, त्याला हात लावायचा नाही.