कचरागाडीत गेलेला सेन्सर

अरे, माझ्या मामाला गुजरातीतला 'ग' पण येत नाही ना, तिथंच सगळी मजा झाली. धुळ्याहून स्वतःची गाडी घेऊन आमच्याकडे सुरतमध्ये पांडेसराला आला, नवागामची मुलगी बघायला. निघायच्या वेळी इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि गाडी सारखी बंद पडायला लागली.

पप्पा म्हणाले, "रिक्षाने जाऊ."

मामा अडून बसला, "नाही! मुलीकडच्यांना गाडीवाला मुलगा सांगितलंय. गाडीनेच जाणार."

मी मेकॅनिकला फोन लावला. तो बोलला, "हवानुं सेन्सर साफ करीने नाखी दे." म्हणजे पुसून परत बसव. मी मस्तीत शब्दाला शब्द जोडून मामाला सांगितलं, "साफ करून टाकून दे."

मामाने बोनेट उघडून सेन्सर काढला, चकाचक पुसला आणि समोरच्या कचरागाडीत भिरकावला!

"मामा, बसवायचा होता!"

"गाढवा! तरी म्हटलं, फेकायचा तर पुसायचा कशाला?"

"स्वच्छ सुरत, मामा."

मामा धावला, कचरागाडीत चढला, कचरा उपसला आणि सेन्सर घेऊनच उतरला. परत पुसला, बसवला. गाडी झकास चालू, दिवा गायब. हिरोसारखा स्टेअरिंगवर बसला, तर आई नाक दाबून म्हणाली, "भाऊ, गाडी पास झाली. तू आधी अंघोळ कर, नाहीतर पोरगी तुला नापास करेल."