ओवाळायला सवाष्ण

साळूबाई : म्हंजे खुर्चीवर बसायचं, फोटो काढून घ्यायचा, आन माझ्या शंभूच्या पुतळ्याला ओवाळायचं मात्र त्याच्या बायकूनं न्हाई. असंच ना रं नरहरी?

नरहरी : काकी, शब्दाला धरू नका. कल्पनावहिनींची खुर्ची पयल्या रांगेत, आमदारांच्या शेजारी ठिवलीया. शाल हाय, सन्मानचिन्ह हाय. फकस्त औक्षण पाच सवाष्णी करतील. आदीपासनं तशी रीत हाय.

साळूबाई : कसली रीत? ह्याच्याआदी गावात कंदी पुतळा बसला व्हता?

नरहरी : पुतळ्याची न्हाई, शुभकार्याची. उद्या कासारसाईच्या रस्त्याला सगळं गाव लोटणार. हिंजवडीच्या टॉवरातली माणसं बी येणार. सरपंचांच्या मंडळींनी तर नवी पैठणी घेतलीया ओवाळायला.

साळूबाई : शंभू कारगिलात पडला तवा ती परकरात व्हती. त्याचं तोंड तरी बघितलंय का तिनं?

नरहरी : ऱ्हाऊ द्या आता. पदक तेवढं द्या, स्टेजवर काचंच्या पेटीत मांडायचंय.

साळूबाई : पदक माझं न्हाई, कल्पनाचं हाय. आत भाकऱ्या थापतीया, सगळं ऐकतीया. दिल्लीला मी बी संगं व्हते. राष्ट्रपतींनी वीरचक्र तिच्याच हातात दिलं. तितं कुणी कपाळ बघितलं न्हाई तिचं. हितं तिच्याच गावात बघताय. आन वेशीवर फ्लेक्स लावलाय, 'वीरपत्नी' म्हणून, दारायेवढा फोटो. फोटो चालतो, हात चालत न्हाई व्हय? खोडा ते आन 'विधवा' लिवा, म्हंजे खोटं तरी व्हणार न्हाई. शिसारी येती मला तुमची.

नरहरी : मग तुमीच ओवाळा की. काका हायेत, तुमी सवाष्ण. आईनं ओवाळल्यावर कोण काय बोलणार?

साळूबाई : मी ओवाळू? शंभूची पेटी ह्याच ओट्यावर ठिवली व्हती, वर झेंडा. तुजी आई म्हणाली, सासूनं करायचं असतं. वरवंटा मीच घेतला. हिचा हिरवा चुडा मीच फोडला. बावीस वर्साची पोर. एक काच मनगटात घुसली तिच्या. तुमची शिसारी येती म्हणले न्हवं? तुमच्याआदी माझी येती. ह्या हातांनी ओवाळू त्याला?

कल्पना : आत्या, पुरे आता.

साळूबाई : पुरे काय? पंचवीस वर्सं उलटली, ह्याबद्दल तुला एका शब्दानं कंदी बोलले न्हाई मी. आज बोलू दे.

कल्पना : (दारात येऊन, हाताचं पीठ पुसत) भाऊजी, पदक मिळेल तुम्हाला.

नरहरी : देव बरं करो वहिनी. तुमी समजून घेणार, मला ठावं व्हतं.

कल्पना : पेटीत नाही पण. ओवाळायच्या ताटात ठेवून मीच घेऊन येते. दहाची वेळ आहे ना?

नरहरी : आवो वहिनी, तुमी अंगणवाडी चालवता, गाव कसं हाय तुमाला का म्या सांगावं? लोकांनी तुमाला चौथऱ्यावर चढू दिलं न्हाई तर? चारचौघांत शोभा व्हईल.

कल्पना : कुणाची?

नरहरी : काकी, तुमी तरी समजावा त्यांना.

साळूबाई : समजावते की. कल्पना, फडताळातलं पितळंचं ताट घे, मोठं. वाती मी वळते. आन नरहरी, गावाला सांग, अडवायचं तर खुशाल अडवा. पर त्याच्याआदी पुतळ्यावरचं कापड काढा. कुणासाठी गेला, ते त्याला बी बघू दे.