तरवड लावायला आलेला माणूस

नको काकू, शर्ट नको — चांगलाच आहे हो, काकांनी दोनदासुद्धा घातला नसेल — पण त्यांना नका देऊ. आधी झाडं बघा ना. तरवड. हो, तोच, शिंदखेड्याच्या रस्त्याला माळावर पिवळाजर्द फुललेला असतो तो. बागेत कशाला म्हणता? आमच्या सासूबाईंच्या गुलाबांचं उन्हाळ्यात काय झालं, बघितलंत ना — आपल्या देवपुरात नळ कधी येईल ते नळालाच माहीत, आणि गुलाबांना रोज प्यायला हवं. ह्याचं तसं नाही. मूळ खाली जाईपर्यंत थोडं पाणी, मग विसरून जायचं. उलट लाड केले, बुडाशी पाणी साचू दिलं, की कुजतो. फक्त माळावरचा उपटून आणायचा नाही, सोटमूळ तुटलं की गेला — म्हणून बी गरम पाण्यात भिजवून पिशवीतच रोपं केलीत, दुकानातल्या तेलाच्या रिकाम्या पिशव्या —

दुकान? किराणा आहे त्यांचा. बोदवडला. माळी नाहीत ते, काकू.

हो, मीच म्हणाले सकाळी. तुम्ही भिंतीवरून विचारलंत, "पलक, नवा माळी का गं?" — आणि माझ्या तोंडून हो गेलं. तुमची तरी काय चूक? पायजमा मातीनं माखलेला, पायरीवर बसून स्वतःच्या बाटलीतलं पाणी पितायत, चहाला नको म्हणतायत — माळीच वाटणार. आमच्यात मुलीच्या सासरचं पाणी नाही पीत बाप. जावई असून अर्पित किती हसतो, माझे सासरे रागावतात, तरी नाही.

हं. बापच. माझे बाऊजी.

मी 'हो' का म्हणाले? तुमच्या सुनेचे वडील गाडीतून येतात, मिठाईचे डबे घेऊन. माझे एसटीनं आले, गोणी मांडीवर घेऊन — रोपांना धक्का लागू नये म्हणून. एवढंच कारण. याहून मोठं काही शोधतेय मघापासून, सापडत नाही. सासूबाई प्रवचनाला गेल्यात म्हणून निभावलं.

ऐकलं ना त्यांनी! ऐकलंच. लगेच मला म्हणाले, "ताई, कुदळ कुठे ठेवू?" मराठीत. आम्ही घरात मारवाडी बोलतो, काकू. जन्मात कधी ते माझ्याशी मराठी बोलले नव्हते. आणि मी काय केलं? बोटानं कोपरा दाखवला. ठेवा तिकडे, म्हणाले.

नाही, तुम्ही नका जाऊ त्यांची माफी मागायला — तुम्ही कशाची मागणार? थांबा. मीच हाक मारते, तुमच्यासमोर.

बाऊजी! ओ बाऊजी!

बघा, आळंच करत बसलेत. कान तीक्ष्ण आहेत त्यांचे, दुकानात गिऱ्हाईक पायरीवर असतानाच ओळखतात. तुम्ही घरी जा, काकू. तुम्ही इथे आहात तोवर ते वळून बघायचे नाहीत.