सहावी टाचणी

नाही, तुम्हीच सांगा, शिंप्यानं टाचण्या तोंडात नाही धरायच्या तर काय कानात धरायच्या? दोन्ही हात कापडात, तिसरा देवानं दिलेला नाही! चाळीस वर्षं धरतोय मी, ओठांत सहा, मोजून सहा, आणि बायको चाळीस वर्षं म्हणतेय, "अहो, काढा त्या तोंडातून, एक दिवस गिळाल!" मी काय म्हणणार? "हं." तोंडात टाचण्या असल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार?

तर परवा दुपारी बँकेतले साहेब कोटाच्या ट्रायलला उभे, मी कमरेशी टाचतोय, आणि साहेब विचारतात, "मास्तर, कोट कधी?" आता याचं उत्तर शिंप्याच्या तोंडून आपोआप येतं हो! मी म्हटलं, "उद्या!" झालं... तोंड उघडलं, आणि गुटुक! थुंकल्या तर पाच. मेज बघितलं, जमीन बघितली, साहेबांचे खिसे उलटे केले... सहावी नाही!

शेजारचा इस्त्रीवाला धावत आला, "केळी खा मास्तर, चार केळी, टाचणी गुंडाळून खाली जाते!" मी एक सोलायला घेतलं तेवढ्यात आतल्या घरातून बायकोनं येऊन ते हिसकावलं, "आता तरी ऐका!" आणि थेट हॉस्पिटल. डॉक्टरीणबाई, एवढीशी मूर्ती, पहिला प्रश्न, "वरून काही खाल्लंत?" नाही म्हटलं. "घरात कुणीतरी शहाणं आहे," म्हणाल्या. बायकोनं माझ्याकडे असं बघितलं... जाऊ दे.

एक्स-रेत माझीच टाचणी, जठरात आडवी! बाई म्हणाल्या, "पुढे सरकली तर आतड्याला भोक पाडेल." घाबरलो हो. म्हटलं, चाळीस वर्षं बायकोशी धड बोललो नाही, आणि आता काय 'हं' म्हणूनच जायचं? तरी सवय बघा, विचारलं, "उद्या येऊ?" तर बाई म्हणतात, "उद्या नाही, आत्ता." आत्ता! हा शब्द माझ्या दुकानात चाळीस वर्षांत कुणी ऐकलेला नाही!

मग घसा बधिर केला, थोडी गुंगी दिली, कुशीवर निजवलं आणि घशातून नळी. डोळे मिटत होते, पण समोरच्या पडद्यावर माझंच जठर दिसत होतं, नजर सोडवेना. काय हात, तुम्हाला सांगतो, काय हात! नळीच्या तोंडाला मऊ रबरी झालर, का? तर टोक कुठे लागू नये म्हणून! त्यातून बारीकसा चिमटा आला. टोक जठरात रुतलेलं. मला वाटलं आता ओढणार, उसवणार... पण बाईंनी टाचणीचं डोकं धरलं, ज्या अंगानं शिरली त्याच अंगानं अलगद मागे घेतली, टोक मागे ठेवून. अहो, तलम कापडातून आम्ही अशीच काढतो! एक दोरा ओढला जात नाही! हे मला शिकायला सात वर्षं लागली, उस्तादाचा मार खाऊन. तोंडात नळी नसती तर ओरडलो असतो, वाहवा!

शुद्ध आल्यावर बघतो तर बाईंच्या कोटाची बाही चार बोटं लांब. म्हटलं, द्या, दुमडून देतो. "कधी द्याल?" मी म्हटलं "उद्...", आणि जीभ चावली. तिथेच बाकावर बसून हातशिलाई घातली. कारागिराची लाज कारागिरानं राखायची!

आता टाचण्या मनगटावरच्या उशीत, बायकोनंच शिवून दिलीय. तोंड रिकामं. मग काय, बोलतो! चाळीस वर्षांचं साठलंय हो... सकाळी उठलो की बोलतो, जेवताना बोलतो, बाईंनी टाचणी कशी काढली हे हिला अकरा वेळा सांगितलं, चमचा घेऊन करून दाखवलं. काल बाराव्यांदा सुरू केलं, तर ही गुपचूप उठली, टाचण्यांची डबी आणून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "अहो, सहा नको... दोनच धरा."

मी काय म्हणणार?

हं.