गाळा नंबर सात आणि वेबचा मालक

...आणि मला सांगा, तक्रार करायची तर माणसानं मालकाकडेच जायचं ना? मग या वेबचा मालक कोण?

तुम्हाला सांगतो, कशेळीत आमची गोदामं, बारा गाळे. पुढच्या बाजूला चार नवे बांधले, म्हटलं नंबर पहिल्यापासून टाकू, शोभेल. आमची आई, आक्का, म्हणाली, "चांगदेवा, दिलेला पत्ता बदलू नको, लोकांच्या पायांना सवय हाय त्याची." ऐकतोय कोण? शटरवरचे नंबर बदलले, वेबसाइटवर प्रत्येक गाळ्याचं पान होतं त्यांचे पत्तेही बदलले, आणि झालं... ट्रकवाल्यांच्या कागदावरचा जुन्या क्यूआर कोडवर मोबाइल धरला की 'पान सापडत नाही'! भूपेशशेठचा कापडाचा ट्रक दोन तास कंपाउंडमध्ये घिरट्या घालतोय, ड्रायव्हर विचारतोय, "सेठ, सात नंबर गया किधर?" भूपेशशेठ, नऊ वर्षांपासूनचे भाडोत्री, म्हणाले गाळाच सोडतो.

माझी मुलगी उन्नती ठाण्यात वेबसाइटीच बनवते. तिला म्हटलं, वेबच्या मालकाचा फोन नंबर दे, झापतो त्याला. म्हणते, "पप्पा, मालक नाहीच." अहो, मग लक्ष ठेवतं कोण? तर म्हणे जाणकारांचं एक छोटंसं मंडळ आहे, कोणी ब्राउझरमध्ये नवीन काही आणायचं म्हटलं की ते वाचतात आणि विचारतात, यानं जुनी पानं मोडतील का, कोणाची खाजगी माहिती फुटेल का, ज्याला दिसत नाही त्यानं काय करायचं... मग हुकूम काढतात? नाही, सल्ला देतात! दंड? नाही. दंडुका? तोही नाही! आमच्या नाक्यावर दंडुका दिसला तरी कोणी थांबत नाही, आणि यांचं?

"बरेच जण ऐकतात, पप्पा. न ऐकणाऱ्याला नंतर निस्तरावं लागतं."

मला जेवण सुचेना. पण मालक कोण?

"आणि वेबवरच्या जाणत्यांचं जुनं सांगणं आहे," उन्नती म्हणाली, "एकदा दिलेला पत्ता बदलू नका."

मी आक्काकडे पाहिलं. ती शांतपणे शेंगा सोलत होती.

उन्नतीनं वेबसाइटीचे जुने पत्ते दहा मिनिटांत चालू करून दिले, भूपेशशेठही राहिले, पण शटर काय दहा मिनिटांत होतात? आता जुने नंबर मीच रंगवतोय, आणि आक्का समोर खुर्ची टाकून बसलीय. हुकूम नाही, दंड नाही, नुसतं म्हणाली, "सातचा आकडा जरा तिरका हाय."

पुसतोय. वेबला मालक नाही हे पटलं मला... गोदामांचा मालक मी आहे, हाही गैरसमज फिटला.