ढब्बू हिरव्यात होता

चष्मेवाला: माझ्या जुळ्या बहिणी जन्मल्या त्या वर्षी तुम्ही मला अंतिम सामन्यातून काढलंत, सर. हनुवटी इथे टेकवा. कपाळ पट्टीला लावा.

सर: जुळ्या बहिणी? अरे, शाळेत जन्म गेला माझा फुटबॉल शिकवण्यात. कुणाकुणाच्या बहिणी लक्षात ठेवू?

चष्मेवाला: हलू नका. दिव्याकडे बघा. मी उंच, किडकिडीत, डाव्या बाजूने पळायचो.

सर: सगळेच किडकिडीत होते रे. एक ढब्बू सोडला तर.

चष्मेवाला: ढब्बू आठवतो आणि मी आठवत नाही!

सर: ढब्बू धावत आला की समोरचा आपणहून बाजूला व्हायचा. असा मुलगा विसरतो का कुणी?

चष्मेवाला: मला काडी म्हणायचे.

सर: काडी! अरे, तू काडी? मग हे पोट कुणाचं?

चष्मेवाला: माझंच. आता चष्म्यांना काड्या बसवतो.

सर: वा, वा. बरं झालं, आपलाच माणूस निघाला. हे बघ, मला एक कागद हवाय. शालेय स्पर्धेची शिस्त समिती आहे ना, तिचा अध्यक्ष करतायत मला. कुठल्या मुलाला किती सामने बाहेर बसवायचं, कुठल्या प्रशिक्षकाने कुणावर अन्याय केला, सगळं माझ्यापुढे येणार. फक्त डोळे ठीक आहेत असं कुणीतरी लिहून द्यायला पाहिजे.

चष्मेवाला: तुम्ही तपासणार? अन्याय?

सर: का? तुला काढलं असेल तर कारण असेल. मी उगाच कुणाला काढत नसे.

चष्मेवाला: कारण चिठ्ठीत होतं. "आपला पाल्य सरावात जाणूनबुजून विरुद्ध बाजूस पास देतो, वर हसतो व उलट उत्तरे करतो. सबब त्यास अंतिम सामन्यातून वगळले आहे. पालकांनी सही करून परत पाठवावे."

सर: शब्द न् शब्द पाठ आहे की तुला.

चष्मेवाला: चाळीस वर्षं झाली, सर. पाठ नाही होणार तर काय?

सर: थांब, थांब. विरुद्ध बाजूला पास... आठवलं! तीन वेळा! तिन्ही वेळा ढब्बूला! आणि तुझे वडील! काय माणूस होता! दुसऱ्या दिवशी शाळेत आले, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही माझ्या मुलाची फार काळजी घेतलीत." मुलाला मी शिक्षा केलेली, आणि बाप आभार मानतोय! तेव्हापासून प्रत्येक पालकसभेत सांगतो मी. आदर्श पालक म्हणून. हमखास टाळ्या पडतात.

चष्मेवाला: सर, तुमचे आदर्श पालक तुमच्या मागे बसलेत.

सर: कुठे?

चष्मेवाला: हनुवटी हलवू नका! मागे, कोपऱ्यातल्या स्टुलावर. फ्रेमा पुसतायत.

बाबा: नमस्कार, मास्तर. तुमचं चालू द्या. मी ऐकतोय.

सर: अहो, तुम्ही! बरे आहात ना? ऐकू वगैरे नीट येतं?

बाबा: ब्याऐंशी झाली. ऐकू येतं, आणि आता वाचताही येतं. तिथेच तर सगळा घोळ झाला.

सर: घोळ कसला?

बाबा: सांग रे मास्तरांना. का सांगतानाही गुडघा दुखतो?

चष्मेवाला: बाबा, गिऱ्हाईक आहे.

बाबा: मग मीच सांगतो. मास्तर, मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. कापड रंगवायच्या कारखान्यात होतो, हौदावर. कुठला रंग किती उकळलाय ते मी नुसत्या वासावर सांगायचो. पण कागद हातात आला की सगळी काळी मुंगळ्यांची रांग. तुमची चिठ्ठी आली. याला म्हटलं, वाच. काय वाचलंस रे?

चष्मेवाला: जाऊ द्या ना.

बाबा: वाच म्हणतोय ना.

चष्मेवाला: "आपल्या मुलाचा गुडघा नाजूक आहे. एवढा गुणी खेळाडू पुढे कामी यावा म्हणून अंतिम सामन्यात त्याला विश्रांती देत आहे."

सर: काय?

बाबा: आणि शेवटी? शेवटची ओळ?

चष्मेवाला: "असा मुलगा दिल्याबद्दल आपले अभिनंदन."

सर: हे मी लिहिलं?

चष्मेवाला: ते माझ्या तोंडून ओघात आलं.

बाबा: मी खाली अंगठा दिला. मग तुमचे हात धरायला शाळेत आलो. सामन्याच्या दिवशी अर्धी रजा टाकली. घरी बायको दोन तान्ह्या पोरी सांभाळतेय आणि मी मैदानावर घसा फोडून ओरडतोय, "उठू नकोस रे, गुडघा सांभाळ!"

सर: ते तुम्ही होतात! मला वाटलं, काय शिस्तीचा बाप आहे. पोरगं बाकावर बसलंय तर त्याला उठूसुद्धा देत नाही.

चष्मेवाला: अख्खा संघ माझ्याकडे बघून लोळत होता. आपण हरलो, तरी हसत होते.

बाबा: एकसष्टाव्या वर्षी नातीच्या पहिलीच्या पुस्तकातून अक्षरं शिकलो, मास्तर. दुकानांच्या पाट्या वाचल्या, औषधांच्या बाटल्या वाचल्या. मग म्हटलं, आता आपल्या मुलाच्या कौतुकाची चिठ्ठी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी. पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती.

सर: जपून? ती तर परत पाठवायची होती.

बाबा: याने तेही वाचलं नव्हतं. अख्खी दुपार लागली मला. एकट्या "जाणूनबुजून"ला पाऊण तास. वाटलं, मीच चुकतोय. पुन्हा पहिल्यापासून वाचली. नातीला बोलावलं. तिनेही तेच वाचलं.

सर: अरेरे.

बाबा: तेव्हापासून याने काहीही वाचून दाखवलं की मी पुन्हा स्वतः वाचतो. पावाच्या पुडक्यावरची तारीखसुद्धा.

चष्मेवाला: चिठ्ठी खोटी वाचली, कबूल. शंभरदा कबूल केलं. पण पास मी मुद्दाम दिला नव्हता, हे यांना एकवीस वर्षं पटत नाही. म्हणतात, जो चिठ्ठी फिरवतो तो पासही फिरवणार.

बाबा: म्हणतो. अजून म्हणतो.

सर: आणि बरोबरच म्हणतात. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

चष्मेवाला: तेच आता बघायचंय, सर. हे पुस्तक घ्या. पहिलं पान. ठिपक्यांत आकडा कोणता दिसतो?

सर: बारा. स्पष्ट दिसतोय.

चष्मेवाला: बारा सगळ्यांनाच दिसतो. आता हे पान.

सर: इथे कुठे आकडा आहे? नुसती वाळू सांडलीय.

चष्मेवाला: आणि हे?

सर: परत वाळू. पुस्तक जुनं झालंय तुझं, बदल.

चष्मेवाला: बाबा, तिथून दिसतंय का?

बाबा: त्र्याहत्तर. आधीच्यावर सोळा.

चष्मेवाला: सर, पायांतले मोजे कोणत्या रंगाचे आहेत?

सर: हा काय प्रश्न झाला? तपकिरी.

बाबा: एक तांबडा, एक हिरवा.

सर: हेच! बायको रोज सकाळी हेच म्हणते. मला वाटायचं, तिला भांडायला निमित्त लागतं.

चष्मेवाला: सर, तुम्हाला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. हे वयाने आलेलं नाही. जन्मापासूनचं असतं.

सर: छे! मी इतकी वर्षं...

चष्मेवाला: सरावाचे बनियन आठवतात? आधी पांढरे आणि निळे होते. त्या वर्षी नवे आले.

सर: हो, कुणा पालकाने फुकट रंगवून दिले होते. पण भल्या माणसाने दोन्ही संघांना एकच रंग दिला! म्हटलं, फुकट आलेत, नावं कशाला ठेवायची? मी आपला यादी करायचो आणि चेहऱ्यांवरून चालवून घ्यायचो.

बाबा: एकच रंग? मास्तर, तो भला माणूस मी! अकरा लाल, अकरा हिरवे! हौदात उरलेल्या गाळात नाही बुडवले, ताज्या रंगात काढले. दोन्हींचा गडदपणा सारखा उतरवला होता, एकाने दुसऱ्याला दाबू नये म्हणून. दुसऱ्या पाळीची माणसं थांबून बघत होती.

सर: सुंदर होते. म्हणजे, असणार.

चष्मेवाला: त्या दिवशी ढब्बूच्या डोक्यातून लाल बनियन उतरेना. हिरव्यात एक मोठा होता, तो त्याने घातला आणि आमच्या बाजूला आला. आमच्यातला एक त्यांच्याकडे गेला. मी हिरवा, ढब्बू हिरवा. मी ढब्बूला पास दिला.

सर: पण माझ्या यादीत ढब्बू समोरच्या बाजूला होता.

चष्मेवाला: यादीत. मैदानावर नाही. तुम्ही शिट्टी मारून ओरडलात, "डोळे फुटले का रे तुझे?" म्हणून मी हसलो. सगळेच हसले. मी म्हणालो, "सर, ढब्बू हिरव्यात आहे." तुम्ही म्हणालात, "वर माझी थट्टा करतोस?"

सर: मला खरंच वाटलं, थट्टा करतोयस.

बाबा: म्हणजे मी रंग एवढा चोख काढला नसता, तर हा सामना खेळला असता?

चष्मेवाला: तुमचा काय दोष, बाबा?

सर: आयुष्यभर लोकांना सांगत आलो, मी सगळ्या मुलांना एकाच नजरेने पाहिलं.

चष्मेवाला: ते मात्र खरं आहे, सर.

सर: काडी, हे कागदावर लिहावं लागतं का?

चष्मेवाला: रकाना आहे तसा. "रंग ओळखतात किंवा नाही."

सर: बघ हं. तू तो रकाना जरा सांभाळून घे. मी इथेच, आत्ता, वडिलांना सांगतो की पास बरोबर होता. तुझंही काम होईल, माझंही. कुणाचं काय जातंय?

चष्मेवाला: हे ऐकायला मी चाळीस वर्षं थांबलोय, सर.

सर: मग झालं तर. घे पेन.

बाबा: पेन खाली ठेव.

चष्मेवाला: मी अजून काही लिहिलेलं नाही, बाबा.

बाबा: चेहरा झालाय. त्या चिठ्ठीच्या वेळी अगदी असाच झाला होता. तेव्हा मला वाटलं, पोराला गुडघा छळतोय.

चष्मेवाला: लिहितो. खरं तेच लिहितो. "ओळखत नाहीत." झालं? सर, माफ करा.

सर: अरे, माफी कसली मागतोस? मी तुझ्या जागी असतो तर या म्हाताऱ्याला समितीतून कायमचं काढलं असतं, घरी चिठ्ठीही पाठवली असती. दे, मलाही एक कोरा कागद दे. आणि पेन. काळं आहे ना? तुमच्या भरवशावर विचारतोय.

चष्मेवाला: काळंच आहे. काय लिहिताय?

सर: गप्प बस. लिहिताना बोललेलं मला तेव्हाही चालत नव्हतं. हं, घ्या. पालकांना द्यायची आहे.

चष्मेवाला: द्या, मी वाचून दाखवतो.

बाबा: तू नाही! इकडे आण. तुझं वाचन मला माहीत आहे. माझा चष्मा? हां. "आपल्या... पा-ल्याने... पास आपल्याच बाजूस... दिला होता. चूक माझ्या डो-ळ्यांची होती. उलट उत्तर... तेही खरे होते. सबब शिक्षा... मागे घेत आहे." मास्तर, तारीख राहिली.

सर: घालतो.

बाबा: आणि पालकांनी सही करावी, ते कुठे आहे?

सर: तेही हवं?

बाबा: तेव्हा होतं. आताही पाहिजे.

चष्मेवाला: बाबा, जागा थोडीच आहे. पूर्ण नाव मावायचं नाही.

बाबा: मावेल. मी बारीक अक्षर काढतो. बघ. अंगठ्यापेक्षा कमी जागा लागली की नाही?

चष्मेवाला: म्हणजे आता पटलं ना तुम्हाला?

बाबा: पासाचं पटलं. आता दुसरं. खोटी चिठ्ठी वाचल्याची शिक्षा तुला अजून कुणी दिलेली नाही.

चष्मेवाला: एकवीस वर्षं रोज टोमणे खातोय मी!

बाबा: टोमणे ही शिक्षा नव्हे, ती माझी सवय आहे. मास्तर, तुम्हाला नियम माहीत असतील. पालकाला खोटं वाचून दाखवल्यास किती सामने?

सर: आधीचा एक सामना तो भोगून बसलाय, तो वजा करायचा म्हटला तरी...

चष्मेवाला: करा की वजा!

सर: त्याचा याच्याशी संबंध नाही. तीन.

चष्मेवाला: सर!

बाबा: तीन. रविवारी सकाळी तुम्ही पोट सुटलेली मंडळी मैदानावर खेळता ना? तीन रविवार बाकावर. आणि कुणी विचारलं तर गुडघ्याचं नाव काढायचं नाही.

चष्मेवाला: मी छप्पन्न वर्षांचा आहे, बाबा.

बाबा: म्हणूनच तर मी स्वतः येऊन बसणार आहे. तुझा भरवसा नाही.

(दोन महिन्यांनंतर. तेच दुकान.)

सर: काडी सैल झालीय रे. खाली बघितलं की चष्मा नाकावरून घसरतो. आणि ऐक, शिस्त समितीवर दुसऱ्याला घेतलं. पण भाषणाला अजून बोलावतात. आदर्श पालकाची गोष्ट आता खरी सांगतो. टाळ्या कमी पडतात, हसतात जास्त. एक जण उठून म्हणाला, "मोजे दाखवा." दाखवले.

चष्मेवाला: द्या इकडे. बसा, स्टूल रिकामं आहे.

सर: वडील वर घरी आहेत का? त्यांना सांगायचं होतं. बरं, शिक्षा पुरी केलीस की नाही?

चष्मेवाला: केली. पहिल्या रविवारी बाबा शेजारी बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "गुडघा ठणठणीत आहे, शिस्तीसाठी बसवलाय." दुसऱ्या रविवारीही आले. सगळा वेळ खेळणाऱ्यांच्या बनियनांना नावं ठेवत होते. काय हा रंग, म्हणे, दोन धुण्यांत पाणी होईल.

सर: आणि तिसऱ्या?

चष्मेवाला: तिसऱ्या रविवारी घरात माणसं होती. दोघी बहिणी आल्या होत्या. मी तासभर जाऊन बाकावर एकटाच बसून आलो. तीन म्हणजे तीन.

सर: एकटाच? ते आले नाहीत?

चष्मेवाला: बाबा आदल्या दिवशी गेले, सर. शनिवारी, नऊ तारखेला, सकाळी सात वाजता.